गाडीखालचे गंजलेले बोल्ट बदलताना स्टेनलेस कुठे चालतं आणि कुठे अजिबात नाही

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, पणजी किंवा सरळ मुंबईतच वर्सोवा-वरळीकडे राहत असाल तर गाडी रॅम्पवर चढल्यावर एकदा खाली उभं राहून वर बघा. वरून चकाचक दिसणाऱ्या चारपाच वर्षांच्या गाडीचे खालचे बोल्ट तपकिरी झालेले असतात, काहींचे पापुद्रे सुटलेले असतात, आणि मग साहजिकच डोक्यात येतं की हे सगळे काढून एकदाचे स्टेनलेस स्टीलचे टाकून देऊ, कटकट मिटेल. विचार अगदीच चुकीचा नाहीये पण अर्धाच बरोबर आहे, आणि जो अर्धा चुकीचा आहे तो नेमका ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या बाजूला येतो, म्हणून जरा नीट समजून घेऊ.

आधी गंज का लागतो ते. नुसत्या पावसाच्या पाण्याने लोखंड गंजतंच पण मिठाने तो प्रकार फार वेगाने होतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येऊन गाडीच्या तळाला बसतात आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की स्वतःच पाघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं जे ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे मे महिन्यात रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी गाडीच्या पोटाखाली खारट ओलावा टिकून असतो. आणि गंमत बघा, पावसात गाडीचं छत, बॉनेट आपोआप धुतलं जातं, तळ मात्र गोड्या पाण्याने नीट धुतला जात नाही, त्याला फक्त चिखल लागतो आणि तो मीठ धरून ठेवतो. त्यात दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीने रोजची ये-जा असेल तर चढता-उतरताना खाडीचं पाणी चाकांनी उडून थेट खाली लागतं. किनाऱ्यावरच्या वाळूत हौसेने गाडी घालणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं, एका संध्याकाळच्या फोटोंसाठी वर्षभराचा गंज फुकट घेऊन येतात. अमेरिका-कॅनडात बर्फाच्या भागात राहणारे आपले लोक हेच भोगतात, तिथे समुद्र लांब असला तरी हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ टाकतात.

आता बोल्ट नेमकं काम काय करतो हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याला वाटतं बोल्ट म्हणजे दोन भोकांतून घातलेली खुंटी, तिच्यावर भार येतो आणि ती अडवून धरते. बहुतेक जोडांमध्ये तसं नसतं. लाकडाची मोळी बांधतात तेव्हा दोर करकचून आवळला की आतली लाकडं एकमेकांवर दाबली जातात आणि घासण्यामुळे जागची हलत नाहीत, तोच दोर ढिला राहिला तर कितीही जाड असू दे, लाकडं सरकणारच. बोल्टचं तेच आहे. पाना फिरवून घट्ट करताना बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि तो ताण दोन भागांना एकमेकांवर दाबून ठेवतो. तो दाब आहे तोवर रस्त्यावरच्या खड्ड्याचा धक्का बोल्टला थेट बसतच नाही, तो दोन भागांच्या घर्षणात जिरतो. दाब गेला की भाग हलायला लागतात, प्रत्येक धक्का बोल्टला कापायला आणि वाकवायला बघतो, आणि मग एक दिवस तो तुटतो.

म्हणून बोल्ट किती ताण सहन करतो हा पहिला प्रश्न आणि गंजतो की नाही हा त्यानंतरचा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ते बघून बरेच जण साइज समजतात. तसं नाहीये. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की एका चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताणाला तो तुटेल ते कळतं आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती हिश्शावर तो कायमचा लांबायला लागेल. ८.८ म्हणजे ८०० ला तुटणार आणि त्याच्या ०.८ पट म्हणजे ६४० ला लांबणार. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. आता स्टेनलेसचा नेहमी मिळणारा बोल्ट घ्या, त्याच्या डोक्यावर ए२-७० असं असतं. तो तुटतो ७०० ला, पण लांबायला लागतो ४५० लाच. चाळीस-पन्नासचा फरक असता तर सोडून दिला असता, हा फारच मोठा आहे. एम १२ च्या, म्हणजे बारा मिलिमीटर जाडीच्या, साध्या आट्याच्या बोल्टवर हिशोब केला तर १०.९ चा बोल्ट साधारण पावणेआठ टन ओढीपर्यंत मूळ लांबीवर परत येतो, ८.८ चा साडेपाच टनांपर्यंत, आणि ए२-७० जेमतेम पावणेचार-चार टनांपर्यंत. म्हणजे लोअर आर्मला, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, १०.९ चा बोल्ट होता आणि तुम्ही तिथे चकचकीत स्टेनलेस घातला तर ताकद निम्मी करून ठेवली. वर कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच, म्हणजे पाना फिरवायच्या ठरलेल्या जोरालाच, आवळायला गेलात तर तो तिथेच लांबेल, हाताला घट्ट लागेल पण धरून ठेवणारा ताण त्याच्यात नसेल. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही हीच खरी भीती आहे.

ए४-८० नावाचा जास्त ताकदीचा स्टेनलेसही मिळतो, तुटायला ८०० पण लांबायला ६००, म्हणजे ८.८ च्या जवळ येतो तरी पूर्ण गाठत नाही. १०.९ च्या तर आसपासही नाही.

तेव्हा सरळ सांगायचं तर लोअर आर्म, बॉल जॉइंट, सबफ्रेम, स्टिअरिंग रॅक, ब्रेक कॅलिपर, शॉकॲब्सॉर्बर, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, सीटबेल्ट, चाकाचे नट-बोल्ट, इथे बाजारातलं स्टेनलेस घालायचं नाही. कुणी कितीही सांगितलं की मी घातलंय आणि काही झालं नाही तरी नाही. या जागांना त्याच ग्रेडचा, त्याच लांबीचा, त्याच पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचा, बोल्ट लागतो, आणि शक्यतो कंपनीच्या पार्ट नंबरचाच घ्यावा कारण बोल्टच्या डोक्याखालची फ्लँज म्हणजे रुंद कडा, आटे नसलेल्या भागाची लांबी असल्या गोष्टी मुद्दाम ठरवलेल्या असतात. काही बोल्ट तर एकदाच वापरायचे असतात, आवळतानाच ते मुद्दाम लांबवले जातात, असे बोल्ट गंजलेले नसले तरी काढले की नवीनच टाकायचे, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं.

दुसरी भानगड ताकदीची नसून शेजाऱ्याची आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असले आणि मध्ये खारं पाणी असलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. त्यातला एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. समुद्राच्या पाण्यात साधं स्टील आणि स्टेनलेस यांच्यात साधारण अर्ध्या व्होल्टचा फरक असतो आणि झिजणारं असतं साधं स्टील. म्हणजे स्टेनलेसचा बोल्ट स्वतः छान राहील, गंज मात्र ज्या पत्र्यात, ज्या नटात तो बसलाय त्याला जास्त लागेल. आता गाडीच्या तळाला बहुतेक बोल्ट ज्या नटात बसतात ते नट चेसीच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेले असतात, बाहेरून दिसतही नाहीत. बोल्ट तुटला तर थोडक्या पैशांत नवीन मिळतो, आतला वेल्डेड नट सडला तर पत्रा कापून, नवीन नट वेल्ड करून, पुन्हा रंगकाम. आपण स्वस्त भाग वाचवायला महाग भागाचा बळी देतोय. कंपनीने बोल्टला जस्ताचा थर दिलेला असतो तो याच्या बरोबर उलट विचार करून, जस्त स्टीलपेक्षाही आधी झिजतं, आणि आपण झिजून बोल्टला आणि थोडंफार शेजारच्या नटालाही वाचवतं.

इथे एक बारकावा आहे तो सांगायला पाहिजे नाहीतर कुणीतरी म्हणेल मग पत्र्याला स्टेनलेसचे स्क्रू कसे चालतात. आकाराचं प्रमाण महत्त्वाचं असतं. छोटा स्टेनलेस स्क्रू आणि भलामोठा स्टीलचा पत्रा असेल तर ती झीज मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून हळू होते. उलट केलं, म्हणजे मोठा स्टेनलेसचा पत्रा आणि छोटा साधा बोल्ट, तर बोल्ट बघता बघता संपतो. बाजारातून बसवलेल्या स्टेनलेसच्या बंपर गार्डला साधे बोल्ट लावलेले असतात त्यांची अवस्था बघा म्हणजे पटेल. पण आट्यांच्या आत पाणी अडकतं, तिथे पसरायला जागाच नसते, त्यामुळे पत्रा मोठा आहे म्हणून नट सुरक्षित असं समजू नये. आणि ॲल्युमिनियममध्ये, म्हणजे गिअरबॉक्सचं हाउसिंग, इंजिनचे ब्रॅकेट वगैरे, स्टेनलेस कोरडा घातला तर आट्यांभोवती पांढरी पूड साचते आणि तो बोल्ट पुढच्या वेळी आटे बरोबर घेऊनच बाहेर येतो.

मग स्टेनलेस घालायचं कुठे? जिथे बोल्टवर फक्त कव्हर लटकलंय तिथे बिनधास्त घाला. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर, चाकाच्या आतलं लायनर, मडफ्लॅप, वायरिंगच्या क्लिपा, नंबरप्लेट, तळाचे हीट शील्ड, मागच्या सायलेन्सरचे क्लँप. खरं तर सर्व्हिसिंगला सगळ्यात जास्त त्रास हेच देतात, कारण दर वेळी काढावे लागतात आणि दर वेळी एखादा गोल होतो, मग मेस्त्री केबल टाय लावून सोडून देतो. एम ६ आणि एम ८ चे पंधरा-वीस स्टेनलेस बोल्ट, मोठे वायसर आणि नट आणून ठेवले की हा त्रास संपतो. सायलेन्सरचं म्हणाल तर मागच्या बाजूला ठीक आहे, पुढे इंजिनला चिकटलेल्या मॅनिफोल्डपाशी नको, कारण हे स्टेनलेस तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा साधारण दीडपट जास्त लांबतं आणि तिथला जोड गरम झाला की ढिला पडू शकतो.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी, दोन्हीकडे ढिगाने माल मिळतो आणि तिथेच फसायला होतं. स्टेनलेस म्हणजे ज्यात कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम आहे असं स्टील, क्रोमियममुळे वर डोळ्याला न दिसणारा पातळ थर तयार होतो, ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो परत भरतो. ए२ म्हणजे ढोबळमानाने भांड्यांवर लिहितात ते ३०४, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. ए४ म्हणजे ३१६, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम जास्त असतं, ते मिठाविरुद्ध कामाला येतं. किनाऱ्यालगत ए२ वर पण तपकिरी डाग येतात, बारीक खड्डे पडतात, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर ए४ घ्या, पैसे जास्त जातील. आणि बाजारात २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेस खूप असतं, महाग निकेल कमी करून त्यात मँगनीज घातलेलं, ते खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो की बघा चिकटत नाही, अस्सल आहे. अहो पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ चा बोल्ट थंड अवस्थेत ठोकून घडवलेला असल्याने त्याला थोडासा चिकटतोही. चुंबकाने काहीही सिद्ध होत नाही. डोक्यावर बनवणाऱ्याची खूण आणि ए२-७० किंवा ए४-८० असं स्पष्ट कोरलेलं असेल तरच घ्या, काहीच खूण नसलेला बोल्ट नंबरप्लेटपुरता ठीक आहे.

ताकदीच्या जागांसाठी पर्याय म्हणजे चांगल्या कोटिंगचा हाय टेन्साइल, म्हणजे ८.८, १०.९ असा जास्त ताण सोसणारा बोल्ट. साधं चकचकीत किंवा पिवळसर झिंक प्लेटिंग पातळ असतं, किनाऱ्यावर फार टिकत नाही. झिंक फ्लेक नावाचं राखाडी, मॅट दिसणारं कोटिंग असतं, जस्त आणि ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या एका द्रावणात मिसळून बोल्टवर लावून भाजतात. गाड्यांच्या तळाला हल्ली बरेचदा तेच असतं आणि मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत ते साध्या प्लेटिंगपेक्षा कितीतरी जास्त तास टिकतं. त्याचा अजून एक फायदा आहे जो फारसा कुणी सांगत नाही. विजेने प्लेटिंग करताना आणि त्याआधी ॲसिडमध्ये बुडवताना हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, आणि १०.९ आणि त्यावरच्या कडक बोल्टांना तो ठिसूळ करतो, बोल्ट घट्ट केल्यावर लगेच नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी उभ्या गाडीत टक्कन तुटू शकतो. झिंक फ्लेकमध्ये ॲसिडही नाही आणि वीजही नाही. यावरून लक्षात आलंच असेल की गंजलेले सस्पेन्शनचे बोल्ट टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये रात्रभर भिजवून, चकचकीत करून परत लावणं किंवा कोपऱ्यावरच्या प्लेटिंगवाल्याकडून चढवून आणणं हा किती महागडा काटकसरीपणा आहे.

बरं, सगळेच तपकिरी बोल्ट बदलायचे असतात का, तर नाही. डोक्यावर नुसता तपकिरी रंग आलाय, तारेचा ब्रश मारला की खाली कडा धारदार आहेत, पाना घट्ट बसतोय, तर तो बोल्ट काढायच्या भानगडीत पडू नका, साफ करून वर वॅक्स किंवा ग्रीस लावून ठेवा. पापुद्रे सुटतायत, षटकोनी डोकं झिजून पाना हलतोय, किंवा बोल्टची कंबर बारीक झालीय, तर बदलायचा.

काढताना घाई केली की तुटतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमधली सगळी फट ठासून भरतो. आधी बाहेर आलेल्या आट्यांवर ब्रश मारा, मग आत झिरपणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा, दोनतीनदा परत सोडा. डब्ल्यूडी-४० चालतं पण मुद्दाम गंजलेल्या आट्यांसाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त चांगलं. काही जण ॲसिटोन आणि ऑटो गिअरबॉक्सचं तेल अर्धं अर्धं मिसळतात, उपयोग होतो पण ते पेट घेतं, त्यानंतर तिथे गॅसचा टॉर्च न्यायचा नाही. बारा कोनी सॉकेट वापरू नका, सहा कोनीच घ्या, तो कडांना न पकडता सपाट बाजूंना पकडतो म्हणून डोकं गोल होत नाही. आणि पहिला जोर उघडायच्या दिशेने न लावता किंचित आवळायच्या दिशेने लावा, कर्र आवाज आला की समजा गंज फुटला, मग पाव फेरी मागे, थोडं पुढे, तेल, परत मागे. आगीने बोल्ट तापवायचाच असेल तर पेट्रोलची आणि ब्रेकची पाइप, रबरी बुश, वायरिंग यांच्यापासून लांब आणि सवय असलेल्या माणसाकडूनच, आणि लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट परत वापरायचा नाही, त्याची कडकपणाची प्रक्रियाच बिघडलेली असते. हे सगळं गाडी नुसत्या जॅकवर उभी करून करू नका हेही सांगायला हवं, स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, आपण बोल्टवर जोर लावताना गाडी हलते.

जुना बोल्ट निघाला की भोकातल्या आट्यांतून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून गंज काढा, जोर न लावता, तेल टाकून. मग नवीन.

स्टेनलेस बसवताना त्याची एक वाईट खोड लक्षात ठेवा. स्टेनलेसचा बोल्ट आणि स्टेनलेसचाच नट कोरडे आणि वेगाने फिरवले की वरचा तो पातळ थर घासून निघतो, धातू धातूला सरळ चिकटतो आणि मधेच जाम होऊन बसतो, ना पुढे ना मागे, शेवटी कापूनच काढावा लागतो. गॅरेजमध्ये एअर गनने टर्रर्र करून बसवतात तेव्हा हमखास होतं. म्हणून आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी पेस्ट लावा, हाताने सावकाश फिरवा, अर्ध्यात जड वाटलं तर थांबून मागे घ्या. पेस्ट लावली की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, तेव्हा कव्हर वगैरेंसाठी साधारण पाव भाग कमीच आवळा. सस्पेन्शनच्या बोल्टला मात्र स्वतःच्या मनाने पेस्ट लावू नका, मॅन्युअलमध्ये कोरडा सांगितला असेल तर कोरडाच, कारण तो टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांवर ठरवलेला असतो. त्याचं गंजापासून रक्षण बाहेरून करा, आवळून झाल्यावर डोक्यावर आणि मागे आलेल्या आट्यांवर वॅक्स मारा. स्टेनलेसवर साध्या लोखंडाचा तारेचा ब्रशही फिरवू नका, त्याचे कण चिकटून बसतात आणि तेच गंजतात, मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं.

सस्पेन्शनचे बोल्ट बदलले असतील तर बुश असलेल्या जागी शेवटचा टॉर्क गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा असतो, लटकत्या गाडीत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि लोअर आर्म किंवा सबफ्रेम हलवली असेल तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. नंतर प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून शेजारच्या पत्र्यावर येईल अशी पेंट मार्करने एक रेघ मारून ठेवा. पाचशे-एक किलोमीटर चालवल्यावर टॉर्च घेऊन फक्त रेघा बघायच्या. रेघ सरळ असेल तर बोल्ट फिरलेला नाही. तुटलेली दिसली तर नुसता आवळून सोडू नका, बोल्ट काढून खालची जागा बघा, बऱ्याचदा तिथे गंजाचा थर खरवडायचा राहिलेला असतो, तो वजनाखाली चुरगळतो आणि बोल्टचा ताण निघून जातो, तेव्हा जागा स्वच्छ धातूपर्यंत घासून घ्या आणि नवीन बोल्ट टाकून परत टॉर्क द्या.